ग्वाल्हेरच्या मेळ्यात मोटारीचा सौदा

२०२५ च्या जानेवारी महिन्यात आम्हांस ग्वाल्हेरीस जाण्याचा योग आला. तेथे लष्कर भागात आमचे मामेभाऊ राहतात. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास जेथे आपल्या फौजेचा तळ दिला, त्याच जागी पुढे लष्कर शहर वसले, आणि फौजेच्या मागून गेलेली अनेक मराठी घराणी तेथेच रुजली. आमच्या मामांचे आजोबा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेले व तेथलेच झाले. घरात अद्याप मराठीच बोलतात. मात्र तिच्यात हिंदीचे पाणी असे मिसळले आहे, की आमच्या वहिनी भाजी 'महाग' झाली असे कधी म्हणत नाहीत. ती नेहमी 'महंगी' होते.

मामी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना आठवड्यातून दोनदा रुग्णालयात न्यावे लागते. ग्वाल्हेरच्या जानेवारीतील पहाटेचे धुके ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या वेळी उघड्या रिक्षातून म्हाताऱ्या माणसास नेणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. म्हणून मोटार घ्यावयाची, असे घरात ठरले. दादा शाळामास्तर होते. त्यांच्या निवृत्तीच्या पुंजीतून साडेतीन लाख व चिरंजीवांच्या नावे पाच लाखांचे कर्ज, मिळून साडेआठ लाख. यापुढे हात पोहोचत नव्हता. दादांचा व्यवहाराशी फारसा परिचय नाही. म्हणून 'तुम्ही आलाच आहात तर बरोबर चला' असे त्यांनी आम्हांस म्हटले. आमचाही तसा परिचय नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते.

ग्वाल्हेरात मोटार घ्यावयाची तर ती मेळ्यात, असा तिकडचा परिपाठ आहे. हा मेळा १९०५ साली माधवराव महाराज शिंदे यांनी सुरू केला. तेव्हा तो मुख्यतः गुरांचा बाजार होता. आता शंभराहून अधिक एकरांच्या आवारात तो भरतो, आणि बैलांच्या दावणी जेथे शोभल्या असत्या तेथे मोटारींच्या रांगा उभ्या असतात. लोक मोटारीसाठी मेळ्याची वाट का पाहतात, त्याचे कारण साधे आहे. मेळ्यात विकलेल्या वाहनावरचा आयुष्यभराचा रस्ताकर मध्यप्रदेश सरकार निम्मा माफ करते. ही माफी कायमची नव्हे. त्या त्या मेळ्यापुरता सरकारला तसा निर्णय घ्यावा लागतो. २०२४ च्या व २०२५ च्या मेळ्यास तो मिळाला. गाडीची नोंदणी ग्वाल्हेरच्याच परिवहन कार्यालयात झाली पाहिजे, अशी त्यात अट असते. आठ लाखांच्या पेट्रोल मोटारीवर आठ टक्के कर धरला तर चौसष्ट हजार होतात. त्यांतले बत्तीस हजार वाचतात. मास्तरकी केलेल्या माणसाला ही रक्कम लहान नाही.

आम्ही तिघे मेळ्यात गेलो. काचेचा मंडप, पायांखाली गालिचा, मध्यभागी चकाकणारी गाडी, आणि गळ्यात टाय बांधलेला एक हसतमुख तरुण. त्याने प्रथम चहा मागविला. मग मामींच्या प्रकृतीची विचारपूस केली. मग दादांच्या शाळेचे नाव ऐकून 'माझे काका आपलेच विद्यार्थी' असे सांगितले. तासाभराने त्याने एक कागद पुढे केला. त्यावर तळाशी आकडा होता ९,३३,१००.

दादांनी तो पाहिला आणि ते गप्प झाले. 'काही कमी होईल का?' असे त्यांनी इतक्या हळू विचारले, की जणू अपराधच केला आहे. तरुण गोड हसला. 'गुरुजी, निम्मा टॅक्स माफ केला आहे. बत्तीस हजारांची सूट मिळाल्यावर आणखी काय राहिले?' यावर दादांनी त्याचे चक्क आभार मानले!

आम्ही स्वतः त्या क्षणी मान डोलावली, हे येथे कबूल केले पाहिजे. बत्तीस हजार सरकारने सोडले होते. त्या दुकानदाराच्या गल्ल्यातून एक पैसाही गेला नव्हता. उलट सरकारच्या या उदारपणामुळे गिऱ्हाईक त्याच्या दारी आयते चालून आले होते. तरी आभार आम्ही त्याचे मानले, आणि त्याने स्वतःच्या नफ्यातून काय सोडले हे विचारावयाचे आम्हां दोघां शिकलेल्या पुरुषांना सुचलेही नाही.

वहिनींना सुचले. त्या तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. 'हा आम्ही घरी नेतो, बेटा. याच्यावर दुकानाचा शिक्का मारून दे.' तरुण म्हणाला, 'हा भाव आजच्यापुरताच आहे.' वहिनी म्हणाल्या, 'मेळा अजून बरेच दिवस आहे ना?' आणि त्या उठल्या. त्या उठल्या म्हणून आम्हीही उठलो.

परतताना रस्त्याच्या कडेला बसलेल्या एका बाईकडून दादांनी वाटाणे घेतले आणि पाच रुपयांसाठी तिच्याशी चांगली घासाघीस केली. आम्हांस ते पाहून स्वतःचीच लाज वाटली, कारण आम्हीही घरी तेच करतो. उन्हात बसलेल्या गरीब बाईपुढे आपल्या जिभेला धार येते. काचेच्या मंडपात, जेथे हजारांचा प्रश्न असतो, तेथे ती टाळूला चिकटते.

त्या रात्री जेवणानंतर तो कागद पाटावर उलगडला. वहिनींनी चष्मा लावला, आणि गाडीच्या मूळ किमतीखाली लिहिलेली एकेक ओळ त्या वाचू लागल्या. आठ लाख ही कंपनीने ठरविलेली किंमत. तिच्याखाली निम्मा कर ३२,०००. येथवर ठीक. पुढे विमा ४६,०००. नोंदणी व इतर ९,५००. हाताळणी ७,०००. सामान २४,०००. वाढीव हमी १४,०००. टोलनाक्यावरच्या फास्टॅगचे ६००.

'हाताळणी म्हणजे काय?' वहिनींनी विचारले. आम्ही म्हणालो, गाडी कारखान्यातून दुकानापर्यंत आणून पुसून ठेवण्याचा खर्च असावा. 'म्हणजे दुकानदाराने आपला माल आपल्या दुकानात आणायचा, त्याचे पैसे मी द्यायचे? उद्या वाणी म्हणेल, गहू गोदामातून आणला, त्याची हाताळणी द्या.' या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

नोंदणीचे साडेनऊ हजार आम्ही भाच्याकडून तपासून घेतले. खाजगी मोटारीच्या नोंदणीची केंद्र सरकारची फी ६०० रुपये आहे. कर्जाची नोंद करावयाची तर तिचे १,५०० रुपये. कार्डाचे, टपालाचे आणखी थोडे. मग 'इतर' म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच.

विम्याची गोष्ट अधिक जाणून घेण्यासारखी आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तो कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एका वर्षाचा घेतला तरी चालतो. तो कोणत्या कंपनीचा घ्यावा, हे ठरविण्याचा अधिकार गिऱ्हाइकाचा आहे, दुकानदाराचा नव्हे. दुकानदारामार्फत काढलेल्या विम्यात त्याचा वाटा असतो, म्हणून तो आग्रह धरतो. त्यात लपविण्यासारखे काही नाही, पण तो आग्रह आपण मानलाच पाहिजे असेही नाही. भाच्याने दुसऱ्या दिवशी तीन कंपन्यांचे आकडे मागविले. त्याच अटींचा, त्याच रकमेचा विमा ३४,००० रुपयांत मिळत होता. बारा हजारांचा फरक!

सामानाच्या चोवीस हजारांत पायपुसणी, आसनांची आवरणे, दारांवरच्या चकचकीत पट्ट्या, एक सुगंधाची बाटली आणि 'इतर' होते. हे 'इतर' नावाचे गृहस्थ त्या कागदावर दोनदा आले होते.

हे वाचन चालू असता आम्हांस आमच्या आजोबांची आठवण झाली. लहानपणी त्यांच्याबरोबर आम्ही गुरांच्या बाजारी जात असू. बैल घ्यावयाचा तर आजोबा प्रथम त्याच्या जबड्यात बोटे घालून दात पाहत: आदत आहे, चार दाती आहे, की जुळलेला आहे. मग त्याला चालवून पाहत, वशिंडावर हात फिरवीत, शेपटी ओढून पाहत. भावाचा शब्दही नाही. मग हेडे येत आणि रुमालाखाली हातात हात घालून बोटे दाबून भाव ठरे. बाजूला उभ्या असलेल्यांना काही कळत नसे. आम्हांस त्या वेळी वाटे, की सारी जादू त्या रुमालाखाली आहे. आजोबा मात्र घरून निघण्यापूर्वीच आजीला आकडा सांगून ठेवीत, आणि त्याच्या वर बोट गेले की रुमालातून हात काढून घेत. पुष्कळदा आम्ही बैल न घेताच परत येत असू. त्या परतीच्या वाटेवर आजोबांचा चेहरा पडलेला आम्ही कधी पाहिला नाही.

मोटारीलाही दात असतात, हे वहिनींनी ओळखले. तो मेळा वर्षाच्या अखेरीस सुरू झालेला. वर्ष पालटले की मागील वर्षी तयार झालेली गाडी एका दिवसात एका वर्षाने म्हातारी होते. पुढे विकावयास काढली तर घेणारा तयार झाल्याचे सालच प्रथम पाहतो, आणि ते नोंदणीच्या दाखल्यावर महिन्यासह छापलेले असते. अशी गाडी लवकर हलविण्याची गरज दुकानदारालाच असते. ती घेऊ नये असे नव्हे. गाडी तीच, हमी तीच. पण तिचा भाव तोच असण्याचे कारण नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच मेळ्यात त्याच कंपनीच्या दुसऱ्या विक्रेत्याकडे गेलो. बाहेरगावचे विक्रेतेही ग्वाल्हेरच्या परिवहन कार्यालयाचे व्यापार-प्रमाणपत्र घेऊन मेळ्यात दुकान मांडू शकतात, त्यामुळे तुलनेस वाव असतो. त्याच्याकडून तोच नमुना, तोच रंग, याचा कागद घेतला. त्यात हाताळणीची ओळ नव्हती. सूट वीस हजार लिहिली होती. मात्र गाडी मिळावयास दीड महिना लागणार होता, म्हणजे मेळा संपल्यावर, आणि तेव्हा करमाफीचे काय, याचे उत्तर त्याला देता येईना.

येथे आमच्या मनात एक खोटा विचार आला, तो सांगून टाकतो. आम्ही दादांना म्हणालो, 'पहिल्याला सांगू, की दुसरा चाळीस हजार सोडतो आहे.' दादांनी आमच्याकडे असे पाहिले, की आम्ही वर्गात पाटी विसरून आलेलो विद्यार्थी झालो. 'जे लिहिले आहे ते दाखवू. लिहिले नाही ते कशाला बोलायचे?' सौद्यात थोडे खोटे चालतेच, असे मानणारे लोक आमच्यातही आहेत. दादांचा मार्ग व्यवहारातही अधिक पक्का ठरला. खोटा आकडा सांगणाऱ्याला 'कागद दाखवा' या दोन शब्दांची भीती असते, ती आम्हांस नव्हती.

तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या मंडपात गेलो. चहा आला. या वेळी वहिनींनी तो नको म्हटले नाही, पण प्रकृतीच्या गोष्टी सुरू होण्यापूर्वीच विचारले, 'ही गाडी कोणत्या महिन्यात बनली, बेटा?' तरुण थबकला. यादी पाहून म्हणाला, 'ऑक्टोबर.' 'म्हणजे मागल्या सालची.' मग त्या काही बोलल्या नाहीत. दादाही बोलले नाहीत, आणि आम्ही बोलू नये म्हणून त्यांनी आमच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. ती शांतता आम्हांस फार लांब वाटली. ती त्या तरुणासही लांब वाटली असावी, कारण ती त्यानेच मोडली. 'साहेबांना विचारून येतो.'

तो दोनदा साहेबांना विचारून आला. मध्यंतरी त्याने बोलणे हप्त्यावर नेण्याचा प्रयत्न केला. 'एकूण आकड्याकडे कशाला पाहता? महिन्याला किती झेपेल ते सांगा. कर्ज पाच वर्षांऐवजी सात वर्षांचे करू.' हा प्रश्न फार मायाळू वाटतो. भाच्याने हिशेब करूनच ठेवला होता. पाच लाखांच्या कर्जाला दरसाल नऊ टक्के दराने पाच वर्षांत महिना १०,३७९ रुपये पडतात. सात वर्षांत ८,०४५. हप्ता दोन हजारांवर उतरतो खरा, पण सारे व्याज पाच वर्षांत सुमारे १,२२,७०० होते, तर सात वर्षांत १,७५,८०० च्या घरात जाते. त्रेपन्न हजारांचे हे ओझे हप्त्याच्या पदराखाली झाकले जाते. दादा म्हणाले, 'हप्त्याचे आम्ही बँकेशी बोललो आहोत. आपण गाडीच्या किमतीचे बोलू.'

शेवटी जे ठरले ते असे. हाताळणीची ओळ पुसली. विमा आम्ही बाहेरून आणावयाचा. नोंदणीचे साडेतीन हजार. सामानातून पायपुसणी व आसनांची आवरणे तेवढी, पाच हजारांत. गाडीवर दुकानाची स्वतःची सूट पंचवीस हजार, आणि ती पावतीवर लिहून. वाढीव हमी तूर्त नाही. कंपनीची मूळ हमी संपण्यापूर्वी ती घेता येते, असे त्या गाडीच्या पुस्तिकेतच लिहिले होते. बेरीज झाली ८,५०,१००. वरचे शंभर रुपये वहिनींनी आपल्या बटव्यातून काढून दिले.

त्र्याऐंशी हजारांचा फरक पडला. यात चौदा हजार पुढे ढकललेले आहेत, एकोणीस हजारांच्या वस्तू आम्ही घेतल्याच नाहीत, म्हणून सारे 'जिंकले' असे म्हणणे खरे होणार नाही. तरी उरलेले पन्नास हजार केवळ कागद घरी नेऊन वाचल्याने वाचले. त्या तरुणाविषयी आमच्या मनात किल्मिष नाही. महिन्याला अमुक गाड्या विकल्या तर पगारावर काही मिळते, अशी त्याची नोकरी. तो आपले काम करीत होता, आणि आम्ही आपले करीत नव्हतो एवढेच.

पैसे पूर्ण देण्यापूर्वी, आणि मुख्य म्हणजे नोंदणी होण्यापूर्वी, गाडी दिवसाउजेडी पाहावी. एकदा ती आपल्या नावे नोंदली गेली, की ओरखडा आपला, फुटकी काचही आपली. सांगाड्यावर कोरलेला सतरा अक्षरांचा क्रमांक पावतीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. भाचा टायरांखाली वाकून पाहत होता, तेव्हा आम्हांस पुन्हा आजोबा दिसले.

जुनी गाडी देऊन नवी घेणाऱ्यांनी दोन्ही सौदे वेगळे ठेवावेत, नाहीतर इकडे दिलेले तिकडे काढून घेतले जाते. आणि विसार देताना कागदाच्या पाठीमागची बारीक अक्षरे वाचावीत. तेथे बहुधा लिहिलेले असते, की गाडी हाती देण्याच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू होईल. हे वाक्य दोन्ही बाजूंनी कापते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी लहान मोटारींवरचा वस्तू व सेवा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून (वर अधिभार होताच) अठरावर आला, तेव्हा थांबलेल्यांचा फायदा झाला. दादांची गाडी तोवर आठ महिने धावत होती. त्यांनी ती बातमी वाचून वर्तमानपत्र घडी करून ठेवले, आणि मामींना घेऊन ते रुग्णालयात गेले.

परत आल्यावर ही हकीकत आम्ही गावी सांगितली, तेव्हा दोघातिघांनी पुढील मेळ्यास ग्वाल्हेरीस जाण्याचा बेत बोलून दाखविला. त्यांना थांबविणे प्राप्त आहे. माफी ग्वाल्हेरच्या नोंदणीला आहे. ती गाडी महाराष्ट्रात आणून बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर कायद्याने येथे नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि येथला कर भरावा लागतो. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतील पेट्रोल मोटारीवर तो अकरा टक्के आहे. म्हणजे बत्तीस हजार वाचविण्यासाठी हजार किलोमीटरचा प्रवास, आणि शेवटी दोन राज्यांचे उंबरठे. येथल्या दुकानात मेळा नसतो. पण कागद येथेही देतात, आणि त्यावर 'इतर' येथेही असतात.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी मेळ्यातून मुरैन्याची गजक आणली होती. तिची एक पुडी वहिनींनी त्या तरुणासाठी भाच्याजवळ दिली. मग स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेजवळ जाऊन, मूळ हमी कोणत्या तारखेस संपते ते त्यांनी पाठीमागच्या कोऱ्या जागेवर पेन्सिलीने लिहून ठेवले.